समक्ष पाहून

राजधानी, ४ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

कायदेमंडळाला आठ दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा गावी येऊन तुझ्याकडून चार शिव्या खाव्यात असा बेत होता. पण परवापासून तापाने आडवा पडलो आहे. काल एकशे तीन होता. आज बसून लिहितोय म्हणजे उतार आहे असं समज. डॉक्टर म्हणाले, "बोलणं कमी करा." कायदेमंडळाच्या सभासदाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखं.

खोली बरी आहे. दुसरा मजला, एक खिडकी, आणि खिडकीसमोर तीन हातांवर भिंत. दिवस किती गेला ते त्या भिंतीवरच्या उन्हावरून कळतं. दोन दिवस ही खोली सोडून कुठे हललो नाही.

एक गंमत सांगतो. काल सेक्रेटरी साहेब स्वतः समाचाराला आले. एवढा मोठा गोरा साहेब दोन जिने चढून आला आणि माझ्या अंथरुणाशेजारी लाकडी स्टुलावर बसला. आपल्या बाबांनी तीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून काढली, ताई. काल साहेब आपल्या दारात स्टुलावर बसला होता. बाबा असते तर त्यांनी उठून त्याच्यासाठी दार उघडलं असतं, ते सोड. फळं घेऊन आले होते. आज सकाळी पुन्हा आले आणि नगरपालिकेच्या काही कागदांवर सह्या घेऊन गेले. अध्यक्षाला ताप आला तरी नगरपालिकेला येत नाही.

तुझा खोकला कसा आहे? माझ्या बंगल्यावर तीन खोल्या रिकाम्या पडून आहेत, हे मी दर पत्रात लिहितो आणि तू दर पत्रात वाचत नाहीस.

तुझा,
धाकटा

*

१५ फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

ताप गेला ना? डॉक्टरचं ऐक. बोलणं कमी कर, आणि ऐकणं जरा वाढव.

इकडे आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यात साखळ्या घेऊन चार माणसं आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजमाप केलं, एकतीसही घरांच्या भिंतींवर चुन्याने फुल्या मारल्या आणि कुणाशी न बोलता गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच. साहेब लोकांना क्लबासाठी मैदान हवंय, घोडे फिरवायला. आपली घरं राहायला अयोग्य म्हणून पाडणार.

संध्याकाळी सगळे माझ्या दुकानात जमले. पुठ्ठ्यांच्या थप्पीवर, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. कुलूपवाले आजोबा म्हणाले, "पोरी, तुझा भाऊ नगरपालिकेचा अध्यक्ष. त्याला नुसतं विचार." मी म्हटलं, विचारायचंय काय? नगरपालिकेच्या उपविधींची नवी प्रत माझ्याचकडे बांधायला आलेली आहे. काढलं कलम सतरा आणि मोठ्याने वाचून दाखवलं. 'अध्यक्षाने स्वतः समक्ष पाहून दाखला दिल्याशिवाय कोणतेही घर अयोग्य ठरणार नाही.' साथीच्या वर्षी ते कलम तू लिहिलंस, तेव्हा किती फुशारक्या मारल्या होत्यास, आठवतं? म्हणाला होतास, "कारकुनांनी टेबलावर बसून घरं पाडू नयेत म्हणून 'समक्ष' हा शब्द मी घातलाय, ताई."

मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ राजधानीत आहे, तो काही इकडे फिरकलेला नाही, तेव्हा दाखलाबिखला काही नाही. शांत झोपा. लोक झोपले. शेजारणीने तर तुझ्या नावाने माझ्याच पाया पडायला सुरुवात केली. मी म्हटलं, अगं, नळ त्याने आणला, मी फक्त पाणी भरते.

तेवढं एका ओळीने लिही, की फुल्यांचं काय ते.

ताई

*

राजधानी, २० फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. ताप गेला, अशक्तपणा आहे.

मोजमापाचं म्हणशील तर ती माणसं कोणत्या खात्याची होती ते मला इथे बसून सांगता येत नाही. कागद अजून माझ्यापुढे आलेले नाहीत. आले की बघेन. तोपर्यंत माझ्या नावाने कुणाला शब्द देऊ नकोस. राज्य त्यांचं आहे, आपण त्यातल्या एका खुर्चीचे धनी. लोकांना वाटतं तेवढे हात त्या खुर्चीला नसतात.

आणि खरंच सांगतो, आता तू बंगल्यावर राहायला जा. गल्लीचं काहीही होवो, तुझं वय झालं. शिकंजा हलवायला मी चार माणसं पाठवतो. या महिन्यातच जा.

तुझा,
धाकटा

*

२ मार्च

धाकट्या,

तू बंगल्याचा एवढा आग्रह धरलास तेव्हा मला वाटलं होतं, तापातून उठलेल्या माणसाला बहिणीची आठवण येते. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. मूर्ख बाई मी.

चार दिवसांपूर्वी सकाळी एकतीस दारांवर एकतीस नोटिसा चिकटल्या. खाली उतरवून देते, तुझंच लिखाण आहे म्हणून.

'मी, नगरपालिकेचा अध्यक्ष, दिनांक ४ फेब्रुवारी रोजी सदर गल्लीतील सर्व एकतीस घरे स्वतः समक्ष पाहून असा दाखला देतो की ती मनुष्यवस्तीस अयोग्य आहेत. साठ दिवसांत खाली करावीत.'

मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, ही खोटी आहे! कुणीतरी माझ्या भावाच्या नावाने केलीय! मला खरंच तसं वाटलं. मग कुलूपवाले आजोबांनी नोटीस अलगद सोडवून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पोरी, सही तुझ्या ओळखीची असेल. बघून सांग." मी बघितली. तुझ्या नावाखालची ती शेपूट, शाळेत असताना मास्तरांनी त्यावरून छडी मारली होती तरी तू सोडली नाहीस. आजोबांनी नोटीस परत घेतली, घडी घातली आणि म्हणाले, "असू दे." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गल्लीने वकील केलाय. बोलताना अडखळतो म्हणून कोर्टात सगळे त्याला अडखळे वकील म्हणतात, पण माणूस चोख आहे. त्याने दारोदार विचारलं, चार तारखेला अध्यक्षांना गल्लीत कुणी पाहिलं का? सरकारपक्ष म्हणतो, अध्यक्ष सुट्टीत गाडीने आले, पहाटे गुपचूप पाहणी करून गेले. पाहिलं नाही असं सगळे सांगतात, पण न दिसलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणायचा? मलाही विचारलं. मी म्हटलं, मी खळ शिजवत होते, माझं लक्ष नव्हतं.

चार तारखेला तू कुठे होतास ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुझ्या हातचं पत्र आहे माझ्याकडे. दोन दिवस खोली सोडली नाही म्हणून लिहिलंयस.

मला खरं ते लिही. गोड नको.

ताई

*

राजधानी, ८ मार्च

ताई,

खरं ते असं.

तीन तारखेला सेक्रेटरी फळं घेऊन आले तेव्हाच त्यांच्याबरोबर फाईल होती. फाईल एकच, कागद दोन. वर तुमच्या गल्लीचा दाखला. खाली उत्तरेकडच्या सहा वस्त्यांच्या पाणीयोजनेची मंजुरी. अकरा वर्षं मी त्या मंजुरीसाठी जोडे झिजवले. तिकडच्या बायका अजून नदीवरून पाणी आणतात, साथ पहिल्यांदा तिथेच येते. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "दोन्ही कागद एकत्र जातील, नाहीतर एकही जाणार नाही. आणि नगरपालिका नीट चालत नाही असा अहवाल आमच्याकडे आहेच. ती बरखास्त करायला एक दिवस पुरतो." मी म्हटलं, मी घरं पाहिलेली नाहीत. ते हसले. म्हणाले, "तुम्ही तर त्याच गल्लीत जन्मलात. तुमच्याहून जास्त कुणी पाहिलीत?"

रात्रभर हिशेब मांडला. एकीकडे एकतीस घरं, दुसरीकडे अकरा हजार माणसं. सकाळी सही केली. तापात केली असं लिहिणार होतो, पण तू गोड नको म्हणालीस. डोकं अगदी स्वच्छ होतं. सही केल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मला बरं वाटलं, ताई. हे सगळ्यात वाईट.

वीस तारखेचं पत्र खोटं होतं. कागद पाहिले होते.

आता ऐक. खोट्या दाखल्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मी आत गेलो की पाणीयोजनाही जाईल, कारण त्यांना निमित्तच हवंय. मग गल्लीही गेली आणि पाणीही गेलं. मी राजीनामा दिला तरी दाखला उभाच राहतो. कुठल्याही बाजूने हललो तरी भिंत. म्हणून तुझ्यापुढे पदर पसरतो, पुरुषाला पदर असता तर. ते चार तारखेचं पत्र जाळून टाक. हेही जाळ.

धाकटा

*

१४ मार्च

धाकट्या,

खळीची चूल पेटलेली होती. तुझी दोन्ही पत्रं हातात घेऊन मी तिच्यापुढे किती वेळ बसले कोण जाणे. खळ करपली. चाळीस वर्षांत माझी खळ करपली नव्हती.

जाळली नाहीत. वकिलाला दिलीही नाहीत. आज तो पुन्हा आला होता. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "बा-बाई, तुम्ही काहीतरी लपवताय. मी जोर करणार नाही. पण या सुनावणीत आपल्या हातात काही नाही, हे तुम्हाला माहीत असावं." आत शेजारीण तिच्या तान्ह्याला घेऊन बसली होती. तिने ऐकलं. उठून गेली. आता गल्लीत मी आले की बोलणं थांबतं. उद्या मी बंगल्यावर जाईन असं त्यांना वाटतं. आणि बंगल्यावर गेले तर ते खरं ठरतं. बाहेर पडले तर लोकांच्या नजरा, आत बसले तर पेटीतली ही दोन पत्रं.

तू अकरा हजारांचं सांगतोस. ते खरं असेल. मला तेवढी मोठी बेरीज येत नाही. मला एवढं कळतं, की अकरा वर्षांत तू या गल्लीत एकदाही आला नाहीस. मला गाडी पाठवून बोलावून घ्यायचास. गाडी वळत नाही म्हणायचास. आला असतास तर सही करताना एखादं दार तरी डोळ्यांपुढे आलं असतं.

तर ऐक माझं. लहानपणी तू काच फोडलीस की मी बाबांना कधी सांगितलं नाही. पण मी फोडली असंही कधी म्हटलं नाही. तू स्वतः जाईपर्यंत थांबायचे. आताही तसंच. ही पत्रं माझ्या हातून चुलीत जाणार नाहीत आणि कोर्टातही जाणार नाहीत. अठ्ठावीसला सुनावणी आहे. सरकारने तुला साक्षीला बोलावलंय म्हणे. ये.

ताई

*

राजधानी, १९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

सव्वीसला निघतो. सरकारने कृपा करून पहिल्या वर्गाचा डबा दिला आहे, सोबतीला एक अधिकारीही. मुक्काम सरकारी विश्रामगृहात. घरी उतरायची गरज नाही असं सुचवण्यात आलंय. रोज सकाळी सरकारी वकील येतात आणि माझी साक्ष मलाच शिकवतात. किती वाजता आलो, कोणत्या बाजूने शिरलो. आज एक उत्तर चुकलं तर मास्तरांसारखं "पुन्हा" म्हणाले.

काल जरा फिरून येतो म्हणून खाली उतरलो. दारावरचा शिपाई अदबीने उभा राहिला. "साहेब, कुठे?" मी म्हटलं, सहज. तोही सहज माझ्या मागून आला.

पत्रं उघडली जात असावीत. यापुढे लिहीत नाही.

प्रकृतीला जप.

धाकटा

*

२ एप्रिल

धाकट्या, आशीर्वाद.

कोठडीत पत्र देतात असं वकील म्हणाला. तुरुंगाचे साहेब आधी वाचतील. वाचू देत, यात चोरून ठेवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यातून तुला आम्ही दिसलो नसू. तू पूर्ण वेळ बुटांकडे बघत होतास. म्हणून सांगते.

सगळी गल्ली मागच्या बाकांवर होती. सरकारी वकिलाने विचारलं, घरं पाहिलीत? तू म्हणालास, "पाहिली." माझ्या शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि सरकून बसली. बाकावर तेवढीच जागा होती, तरी सरकली.

मग आपला वकील उठला. "ग-गल्ली कुठपासून कुठपर्यंत पाहिलीत?"

"तोंडापासून विहिरीपर्यंत."

मागून कुलूपवाले आजोबा हसले, मोठ्याने.

"कोणती विहीर?"

"टोकाची. वडाखालची."

"ती विहीर अकरा वर्षांपूर्वी बुजवली, नामदारसाहेब. नळ आला तेव्हा. हु-हुकूम तुमचाच होता. वडही नाही आता."

तेव्हा तुझं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, तू शिकवलेली उत्तरं शोधतोयस. न्यायाधीशांनी तर दार उघडूनच दिलं. म्हणाले, "जन्म तिथे गेलेला. माणूस बोलता बोलता जुनं सांगून जातो. तसंच झालं ना?" नुसती मान हलवायची होती तुला. सरकारी वकील स्वतःच मान हलवत होता तुझ्या वतीने.

तू मान हलवली नाहीस. मग म्हणालास, "नाही. मी चुकलो नाही. मी पाहिलंच नाही. त्या दिवशी मी राजधानीत तापाने पडून होतो. अकरा वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल ठेवलेलं नाही." सरकारी वकील उठून ओरडला, नामदारांची तब्येत बरी नाही! तू म्हणालास, "तब्येत उत्तम आहे. माझ्या बहिणीकडे माझ्या हातचं पत्र आहे. ताई, दे ते."

दिलं. म्हणजे कनवटीला खोचून आणलं होतं ते पुढे केलं. कारकुनाने धरलं तरी माझी बोटं सुटेनात. त्याला दोनदा ओढावं लागलं. तुला वाटलं असेल, ताई डगमगली नाही. तसं समजू नकोस.

दाखला रद्द झाला. तुला माझ्यासमोरून घेऊन गेले. बाहेर गल्लीतली माणसं आनंदाने रडत होती आणि मला मिठ्या मारत होती. मी त्यांच्या मिठीत उभी होते आणि मला तिथून पळून जायचं होतं.

घरून सदरे पाठवलेत. जाड आहेत, धुवायला त्रास होईल, पण टिकतील.

ताई

*

तुरुंग, २० जून

ती. ताईस नमस्कार.

महिन्याला एक पत्र लिहायला मिळतं. पहिली दोन लिहायला घेतली आणि फाडली.

नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मला इथे पाकिटं चिकटवायच्या कामाला लावलंय. खळ इतकी पातळ करतात की तू असतीस तर भांडं उपडं केलं असतंस. मी सुचवून पाहिलं. मला सांगण्यात आलं, की इथे मी अध्यक्ष नाही.

खरं बोललो की मोकळं वाटेल असं ऐकत आलो होतो. तसं झालं नाही, ताई. पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा क्षणभर वाटलं. मग इथे आलो.

आमच्या खोलीवरचा पहारेकरी उत्तरेकडच्या वस्तीतला आहे. नगरपालिका बरखास्त झाली आणि पाणीयोजना दप्तरात गेली, हे मला त्यानेच सांगितलं. मारत नाही, शिवी देत नाही, माझं जेवणही नीट देतो. फक्त रोज कामावर आला की गजांपाशी थांबतो आणि बायको नदीवर किती खेपा करून आली ते सांगतो. "आज चार." "आज पाच, पाहुणे होते." "आज तीनच, तिला सातवा लागलाय." एवढंच बोलून पुढे जातो.

एकतीस आणि अकरा हजार. मी बेरीज अजून करतोच आहे. काय केलं असतं तर दोन्ही वाचली असती? तुला सुचलं तर कळव. आणि गल्ली उभी आहे ना, एवढं तरी लिही.

धाकटा

*

१२ ऑक्टोबर

धाकट्या, आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं नाही म्हणून इतके महिने लिहिलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणाने.

गल्ली नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते. नगरपालिकेवर अध्यक्षाच्या जागी सरकारने नेमलेला नवा साहेब आला. उन्हातान्हात पायी आला. एकतीसही घरं एक एक करून पाहिली. माझ्या दुकानात तर पाव तास होता. छताची उंची मोजली, भिंतीला नख लावून ओल बघितली, शिकंजा कसा चालतो तेही विचारलं. जाताना टोपी काढून आभार मानले. तिसऱ्या दिवशी नोटिसा. कलम सतराप्रमाणे, समक्ष पाहून. या वेळी प्रत्येक शब्द खरा होता. अडखळे वकिलाने कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. तुझ्यामुळे आम्हाला सहा महिने मिळाले. शेजारणीचं पोर त्या अंगणात उभं राहायला शिकलं. कुलूपवाले आजोबा आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर वारले, ऑगस्टमध्ये. ज्यांना जिथे जागा मिळाली ते तिथे गेले. जाताना बहुतेक जण मला भेटून गेले, सगळे नाही.

तुझ्या गड्याने बंगल्याच्या किल्ल्या आणून दिल्या होत्या. परत पाठवल्या. मी उत्तरेकडच्या वस्तीत एक खोली घेतली आहे. पाणी नाही म्हणून तिथे खोल्या मिळतात. शिकंजा आत जाईना, दाराची चौकट काढावी लागली.

पहिल्याच दिवशी घागर घेऊन गेले. यंदा पाऊस न झाल्याने नदी आटलीय, वाळूत झरा खणलाय आणि त्याला रांग असते. बायकांनी विचारलं, "नव्या दिसता, कुणाच्या कोण?" क्षणभर वाटलं, सांगावं पुस्तकं बांधणारी म्हणून. तेही खरंच आहे. पण मी सांगितलं. अध्यक्षाची बहीण. तो तुरुंगात आहे, तोच.

एकीने माझी घागर रांगेतून उचलली आणि अगदी शेवटी नेऊन ठेवली. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे दोघी असताना झरा संपला.

रोज जाते. परवा तुझ्या पहारेकऱ्याची बायको भेटली. मूल झालंय, मुलगी. ती माझ्यापुढे होती. मागे वळून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि पुन्हा तोंड फिरवून उभी राहिली. मला जागा दिली नाही तिने. का द्यावी? पण आता माझी घागर कुणी उचलत नाही.

जानेवारीत सुटशील. मी फाटकाशी येईन. बंगल्यावर जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. माझ्याकडे आलास तर दार नीट बघून ये, चौकट पुन्हा बसवताना खाली आलीय, डोकं आपटेल. आणि येताना एक घागर घेऊन ये. रांगेत उभं राहायला मी एकटी कमी पडते.

ताई